बातमी बदलली, पण कळले कोणाला?

वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्री पान सोडण्याची एक वेळ ठरलेली असते. लांबच्या तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती आधी सुटते, शहर आवृत्ती सर्वांत शेवटी. उपसंपादकाने हेडिंग दिलेले, वाचून-तपासून झालेले पान छपाई विभागाकडे जाते, तिथे ॲल्युमिनियमच्या प्लेटवर उतरते आणि प्लेट यंत्रावर चढते. त्यानंतर चूक लक्षात आली, तर यंत्र थांबवून नवी प्लेट लावावी लागते. तोवर छापलेले गठ्ठे गाडीत चढून रस्त्याला लागलेले असतात. ती चूक मग दुसऱ्या दिवशी, खुलाशाच्या चौकटीत, सगळ्यांच्या देखत मान्य करावी लागते. संकेतस्थळाच्या डेस्कवर अशी वेळच नाही. बातमी चढते, बदलते, पुन्हा बदलते आणि कधी कधी उतरतेही. डिजिटल पत्रकारितेची चर्चा वेग, जाहिरात आणि घटता खप यांभोवती फिरते. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण माझ्या मते याहून खोल बदल वेगळा आहे. छापील अंक म्हणजे वर्तमानपत्राने तारीख घालून समाजाला दिलेली लेखी जबानी होती. आता ती जबानी देणाऱ्याला कधीही, कोणाला न सांगता, फिरवता येते. कागद जाणार असेल तर जावो. पण ही बांधिलकी त्याच्याबरोबर जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

महामार्गावर बस उलटल्याची बातमी घ्या. घटनास्थळावरून पहिला फोन येतो आणि काही मिनिटांत ‘पाच ठार’ असे हेडिंग चढते. तासाभराने रुग्णालयातून कळते की मृत तिघे आहेत, दोघे गंभीर जखमी आहेत. डेस्कवरचा माणूस हेडिंग बदलतो, पहिला परिच्छेद बदलतो, ‘अपडेट’चे बटण दाबतो. पानावर आता सगळे बरोबर दिसते. पण त्या पानाचा पत्ता पहिल्या हेडिंगवरून तयार झालेला असतो. तो बदलला तर आधी फिरलेली लिंक तुटण्याची भीती, म्हणून तो बहुधा तसाच ठेवतात. बातमीत तीन आणि पत्त्यात पाच. व्हॉट्सॲपच्या गटांत जी चौकट पोचली आहे तिच्यातही जुनेच हेडिंग असते आणि मोबाइलवर वाजून गेलेले नोटिफिकेशन परत बोलावता येत नाही. वाचकाला या सगळ्याचा पत्ता लागतो तो बातमीच्या माथ्यावरच्या एका वेळेवरून, फार तर. त्या वेळी नेमके काय बदलले, स्वल्पविराम की मृतांचा आकडा, हे कुठेच लिहिलेले नसते. आणि तरीही ही माहिती अस्तित्वात असते. बातमी चढवण्याच्या बहुतेक प्रणालींत प्रत्येक आवृत्ती साठवली जाते: कोणाच्या लॉगिनवरून, किती वाजता, कोणते वाक्य बदलले. नोंद आतल्या बाजूला आहे, वाचकाच्या बाजूला नाही. ती झाकून ठेवण्याची सक्ती तंत्रज्ञानाने केलेली नाही. तो निर्णय माणसांनी घेतला आहे आणि माणसांना तो बदलता येतो.

छापलेला शब्द मागे घेता येत नाही, याची किंमत मराठी पत्रकारितेने मोजलेली आहे. १२ मे आणि ९ जून १९०८ या ‘केसरी’च्या अंकांतील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात सरकारने लेखांची इंग्रजी भाषांतरे पुढे केली होती आणि ती भाषांतरे मूळ अर्थाला धरून नाहीत, हा टिळकांच्या बचावातला एक मोठा मुद्दा होता. तो मांडता आला, कारण मूळ मराठी मजकूर छापील स्वरूपात, दोन्ही बाजूंना सारखाच, समोर होता. शंभरहून अधिक वर्षांनी आपणही तोच मजकूर वाचून आपले मत बनवू शकतो. छापलेल्या अंकाने टिळकांना अडकवले आणि त्यांच्या बाजूने साक्षही दिली. कायद्यानेही अंकाचे हे वजन ओळखले होते. १८६७च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव अंकावर छापणे बंधनकारक केले. शेवटच्या पानाच्या तळाची ती बारीक टायपातली ओळ म्हणजे कोणाला जाब विचारायचा याचा पत्ता. १८७२च्या पुरावा कायद्याने वर्तमानपत्राचा अंक अस्सल असल्याचे गृहीत धरण्याची तरतूद केली. त्यामुळे बातमी खरी ठरत नाही, पण ती अमुक दिवशी छापून आली होती हे ठरते. जमीन घेण्याआधी वकील ‘जाहीर नोटीस’ देतात आणि तिचे कात्रण कागदपत्रांना जोडून ठेवतात. २०१३च्या भूसंपादन कायद्यातही प्राथमिक अधिसूचना दोन स्थानिक दैनिकांत, त्यांपैकी एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात, प्रसिद्ध करण्याची अट आहे. ज्या शेतकऱ्याची जमीन जाणार आहे त्याला कोणत्या दिवशी काय सांगितले गेले होते, हे नंतर कोणालाही बदलता येऊ नये, हा अशा छपाईचा मोठा आधार आहे.

जतनाच्या बाबतीत तर मराठीवर दुहेरी आघात झाला आहे. ग्रंथालयांना पुस्तके देण्याचा १९५४चा कायदा १९५६मध्ये वर्तमानपत्रांनाही लागू झाला आणि अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व इतर ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे जावी अशी व्यवस्था झाली. ती नेहमी काटेकोर पाळली गेली असे नाही, पण व्यवस्था होती. संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा त्याच्या मजकुराचे काय करायचे याचा विचारच झाला नाही. शिवाय सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांवर युनिकोड नव्हते. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, त्याची अक्षररचना वेगळी, आणि तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हांचा निरर्थक ढिगारा उमटायचा. त्या काळातला जो मजकूर रूपांतरित झाला नाही, तो कुठे सर्व्हरवर शिल्लक असला तरी शोधता येत नाही आणि वाचता येत नाही. १८३२च्या ‘दर्पण’मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी काय लिहिले ते आज अभ्यासता येते. पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या मराठी संकेतस्थळाने ऐन निवडणुकीच्या रात्री काय लिहिले होते, हे सांगणे मात्र फार अवघड आहे.

यावर पहिला आक्षेप असा की चूक तत्काळ दुरुस्त करता येणे हा डिजिटलचा गुण आहे. छापील चूक मात्र अंकाबरोबर कायमची राहते आणि दुसऱ्या दिवसाचा खुलासा आतल्या पानात कोणी पाहत नाही. आक्षेप रास्त आहे. पूर आला असताना धरणाच्या विसर्गाचा चुकीचा आकडा सकाळपर्यंत तसाच ठेवा, असे कोणी म्हणणार नाही. पण दुरुस्ती करणे आणि दुरुस्ती लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ने १९९७मध्ये वाचकांच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र संपादक नेमला. त्यांच्या संकेतस्थळावर बातमीत बदल झाला की तो कोणत्या तारखेला व काय झाला, याची टीप खाली दिली जाते. आपल्याकडे ‘द हिंदू’ने २००६मध्ये असा वाचक-संपादक नेमला. याला वेगळे यंत्र लागत नाही, एक वाक्य लिहायची तयारी लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक कठीण वाटतो. अटकेची बातमी येते, काही वर्षांनी तो माणूस निर्दोष सुटतो, आणि तरी त्याचे नाव शोधले की पहिली तीच बातमी वर येते. पूर्वी तो अंक रद्दीत जायचा किंवा ग्रंथालयाच्या फायलीत पडून राहायचा. मुद्दाम शोधणाऱ्यालाच सापडायचा. आता ती बातमी प्रत्येक मुलाखतीला, प्रत्येक स्थळाला त्या माणसाच्या आधी पोचते. अशी बातमी काढून टाकावी ही मागणी अमानुष म्हणता येणार नाही. पण बातमी पुसली तर त्याच्यावर अन्याय झाला होता याचा पुरावाही पुसला जातो. पोलिसांनी काय दावा केला होता आणि वर्तमानपत्राने तो न तपासता कसा छापला होता, तेही जाते. म्हणून निर्दोष सुटल्याचा निकाल बातमीच्या माथ्यावर ठळक लावावा आणि नावावरून होणाऱ्या शोधातून ते पान वगळावे. मजकूर मात्र राहावा. यात संपादकाला काम वाढते हे खरे, पण ज्याचे नाव आपण छापले त्याच्याविषयी एवढे कर्तव्य उरतेच.

मग सरकारनेच सक्ती करावी का? इथे मी थांबेन. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल प्रकाशकांवर तक्रार-निवारणाची चौकट आणली. त्यातील आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली, आणि केंद्र सरकारविषयीच्या मजकुराची सत्यता सरकारी कक्षानेच ठरवण्याची २०२३ची दुरुस्ती २०२४मध्ये रद्द केली. मजकूर खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार आणि मजकूर जपण्याची जबाबदारी या गोष्टी एका हाती देऊ नयेत. जपण्याचे काम ग्रंथालयाचे आहे. इंटरनेट आर्काइव्हसारखी परदेशी संस्था ते अंशतः करते, पण तिच्या हाती लागते तेवढेच टिकते, आणि ऑक्टोबर २०२४मधल्या सायबर हल्ल्यानंतर ती सेवाच काही दिवस बंद होती. ई-पेपरचाही आधार अपुरा आहे, कारण त्यात छापील पाने येतात; फक्त संकेतस्थळावर आलेली बातमी त्यात नसते. वर्तमानपत्राचा कागदही पिवळा पडून तुटतो हे मान्य, म्हणून जुन्या फायलींचे डिजिटायझेशन हवेच. पण ते कालच्या कागदासाठी झाले. आज फक्त पडद्यावर जन्मणाऱ्या मराठी बातमीसाठी अशी ठरलेली व्यवस्था नाही.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१३पासून कायद्यानेच ब्रिटिश लायब्ररी आणि इतर ठराविक ग्रंथालये देशातली संकेतस्थळे जतन करू शकतात. आपल्या १९५४च्या कायद्यात तशी दुरुस्ती होईपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी शतकाहून जुनी संस्था आणि राज्य मराठी विकास संस्था यांना चार-पाच दैनिकांशी करार करून त्यांच्या संकेतस्थळांची रोजची एक प्रत, सगळ्या बदललेल्या आवृत्त्यांसह, ठेवायला सुरुवात करता येईल. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात आणि मतमोजणीच्या दिवशी ही प्रत तासातासाला घ्यावी. संपादकांनी त्यासाठी आतल्या बाजूला आधीच साठलेल्या नोंदी खुल्या कराव्यात आणि बातमीखाली दुरुस्तीची तारीख लिहायला आजपासूनच प्रारंभ करावा.