विश्वास विकता येतो का? सिॲटलच्या एका औषध-दुकानाची गोष्ट

मंडळी, औषधांच्या दुकानाचा इतिहास सांगायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला हवा, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. पण बघा, भाजी दाबून बघता येते, कापड हाताला लावून बघता येतं. गोळी कशी बघणार? औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाला आपण काय घेतोय हेच कळत नसतं. तिथे विश्वास हेच भांडवल. म्हणून आज एका दुकानसाखळीच्या निमित्ताने प्रश्न विचारायचा आहे, की हा विश्वास विकता येतो का?

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिॲटल आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं-सुना तिकडे संगणकाच्या कंपन्यांत आहेत. त्यांनी ‘बार्टेल ड्रग्ज’ ही पाटी पाहिली असेल. कॅन्ससहून आलेल्या जॉर्ज बार्टेल नावाच्या विशीतल्या तरुणाने १८९० मध्ये तिथलं एक छोटं औषधाचं दुकान विकत घेतलं. पुढे क्लोंडाइकला सोनं सापडल्याची हाकाटी झाली, तेव्हा हाही तिकडे गेला. परत आल्यावर शहराच्या मध्यवस्तीत दुकान काढलं आणि तिथून शाखा वाढत गेल्या.

त्या काळातलं अमेरिकन औषधाचं दुकान म्हणजे नुसत्या बाटल्या नव्हेत. तिथे सोडावॉटर, आइस्क्रीम, दुपारचं जेवणसुद्धा मिळायचं. लोक तिथे बसायचे, बोलायचे. बार्टेलच्या दुकानांतही हे सगळं होतं. बापानंतर मुलगा, मग नातवंडं असा तीन पिढ्या कारभार चालला. अमेरिकेतली सर्वांत जुनी कौटुंबिक मालकीची औषध-दुकानांची साखळी अशी तिची ओळख झाली. २०२० पर्यंत सिॲटल आणि आसपासच्या भागात ६७ दुकानं होती.

मग त्याच वर्षी, १३० वर्षांनंतर, कुटुंबाने सगळी साखळी ‘राइट एड’ या मोठ्या कंपनीला साडेनऊ कोटी डॉलरना विकून टाकली. का विकली? पगाराचा खर्च वाढला होता, हे एक कारण. पण दुसरं कारण समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर किंमत छापलेली असते. जी औषधं सरकारी किंमत-नियंत्रणाखाली येतात, त्यांच्यात किरकोळ दुकानदाराचा वाटा १६ टक्के धरलेला असतो. २०१३ च्या आदेशात तसं लिहिलेलंच आहे. अमेरिकेत बहुतेक गिऱ्हाइकं विम्यावर औषध घेतात. गिऱ्हाईक काउंटरवर थोडी रक्कम देतं, बाकीचे पैसे दुकानदाराला विम्याकडून यायचे असतात. ते किती यायचे, हे ठरवणारी मधली कंपनी असते. म्हणजे होलसेलरकडून औषध शंभराला आणलं आणि मधल्या कंपनीने पंचाण्णवच मंजूर केले, तर पाच रुपये दुकानदाराच्या खिशातून गेले! भाव विकणारा ठरवत नाही, घेणाराही ठरवत नाही. देशातल्या सुमारे ८० टक्के चिठ्ठ्या अशा तीनच कंपन्यांच्या हातून जातात. त्यांतली एक कंपनी ‘सीव्हीएस’ या औषध-दुकानांच्या महाकाय साखळीच्या मालकीची आहे. म्हणजे पंचही तेच आणि समोरचा संघही तोच.

पुढचा भाग लवकर सांगतो. राइट एडवर तीन अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होतं, शिवाय अफूजन्य वेदनाशामकांच्या विक्रीवरून खटले चालू होते. २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, २०२५ मध्ये पुन्हा एकदा, आणि त्या वर्षात सगळी दुकानं मिटली. वायव्येकडची काही दुकानं सीव्हीएसने चालवायला घेतली. बाकी ठिकाणी जे विकलं गेलं, ते होतं रुग्णांच्या चिठ्ठ्यांचं दप्तर. कुणाला कुठली गोळी, किती दिवस, याची नोंद एका दुकानातून दुसऱ्याकडे गेली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हिशेबाच्या भाषेत दुकानाच्या नावाला ‘गुडविल’ म्हणतात आणि त्याची किंमत लावता येते. पण विश्वास ही कुणाच्या मालकीची वस्तू नव्हे. तो दोन माणसांमधला संबंध आहे. बार्टेल कुटुंबाला पाटी विकता आली, जागा विकता आल्या, दप्तर विकता आलं. काउंटरमागच्या फार्मासिस्टने आजीबाईंना ‘ही गोळी त्या गोळीबरोबर नको’ म्हणून सांगावं आणि त्यांनी ते ऐकावं, हे मात्र खरेदीखतात लिहिता येत नाही. ते फार तर टिकवता येतं. त्यासाठी तोच माणूस तिथे उभा राहायला हवा, आणि उभं राहणं त्याला परवडायला हवं. अमेरिकेत नेमकं तेच परवडेनासं झालं. बार्टेल कुटुंबाचा लोभ सुटला म्हणून दुकानं गेली असं मला वाटत नाही.

आपल्या गल्लीतला केमिस्ट अजून आहे. पण साखळ्या आल्यात, मोबाइलवरून औषधं घरी येतात, सवलतही मिळते. घ्या, त्याला माझी हरकत नाही. फक्त दोन गोष्टी विचारत चला. हा भाव नक्की कोण ठरवतंय? आणि माझ्या औषधांची नोंद उद्या कुणाच्या हातात जाणार आहे? पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे निदान कायद्यात थोडंफार उत्तर आहे. दुसऱ्याबद्दल आपण अजून दुकानदाराला विचारायलाही सुरुवात केलेली नाही.