शून्य पूर्णांक एकची किंमत

शेवरले स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनची ताकद वाढवायला निघालेल्या अमेरिकेतल्या हौशी माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: रॉकर १.५ चेच ठेवायचे, की १.६ चे बसवायचे? फरक अवघा ०.१ चा. शिवाय कॅम बदलायचा तर इंजिनचं पुढचं सगळं खोलावं लागतं, रॉकरसाठी मात्र वरची झाकणं काढली की भागतं. म्हणून मोह मोठा.

रॉकर ही एक तरफ. कॅम पुशरॉडला वर ढकलतो, रॉकरचं एक टोक उचललं जातं, दुसरं व्हॉल्व्हला खाली दाबतं. आपल्याकडच्या जुन्या बुलेटमध्येही हाच खेळ चालतो. १.५ चा रॉकर पुशरॉडच्या एका मिलिमीटरचे व्हॉल्व्हपाशी दीड मिलिमीटर करतो. कॅमचा उंचवटा ७.६ मि.मी. धरला तर व्हॉल्व्ह ११.४ मि.मी. उघडतो, १.६ ने तो जवळपास १२.२ वर जातो. कमाई पाऊण मिलिमीटरची.

आता वेग पाहा. क्रँक मिनिटाला ६,००० फेरे घेतो तेव्हा कॅम त्याच्या निम्मे, म्हणजे सेकंदाला ५०. सोळा व्हॉल्व्ह मिळून सेकंदाला ८०० उघडझापी. क्रँकच्या २८० अंशांत व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बंद होतो असं धरलं, तर त्याला मिळतात आठ मिलिसेकंदांहूनही कमी. तेवढ्यात शून्यापासून ११.४ मि.मी. जायचं, थांबायचं आणि परत यायचं. ही हालचाल अगदी गुळगुळीत मानून हिशेब केला तरी कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८० पट भरतं. १.६ च्या रॉकरने ते ४०० पार करतं. खरे कॅम याहून आडदांड असतात.

पण खरा दगा फेऱ्यांचा आहे. रॉकर बदलून त्वरण वाढतं पावणेसात टक्के. ६,००० ऐवजी ७,००० फेरे घेतले की ते एकदम ३६ टक्क्यांनी चढतं, कारण ते फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगचा जोर १४० किलो असेल, तर १.५ चा रॉकर पुशरॉडवर २१० किलो टाकतो आणि रॉकर ज्यावर बसतो तो मधला स्टड दोन्हींची बेरीज झेलतो: ३५० किलो. १.६ चा तोच स्टड ३६४ वर नेतो. सेकंदाला ५० वेळा, आणि असे स्टड सोळा.

ही रचना मुळात स्वस्त आणि हलकी व्हावी म्हणूनच जन्मली. १९५५ साली हे इंजिन आलं तेव्हा त्यात पत्रा ठोकून घडवलेले रॉकर होते, प्रत्येक आपापल्या स्टडवर, गोलसर टेकूवर डुलणारा. कल्पना जनरल मोटर्सच्याच पाँटियाक विभागातल्या क्लेटन लीच यांची. २०११ च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्सने दहा कोटीवं स्मॉल-ब्लॉक तयार केलं. पत्र्याच्या रॉकरला नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

दहा कोटी हाच आकडा आणखी एका ठिकाणी भेटतो. ताशी ६० कि.मी. म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. त्या वेगाला इंजिन २,००० फेऱ्यांवर असेल तर दर किलोमीटरला प्रत्येक व्हॉल्व्ह १,००० वेळा उघडतो. लाख किलोमीटरला दहा कोटी वेळा. याउलट टॉप फ्युएल ड्रॅगस्टर: १,००० फूट, पावणेचार सेकंदांच्या आत. ८,००० च्या आसपास फेरे धरले तर अख्ख्या शर्यतीत एक व्हॉल्व्ह उघडतो जेमतेम अडीचशे वेळा, आणि मग इंजिन खोललंच जातं.

म्हणून शर्यतीच्या गाडीतला अॅल्युमिनियमचा रॉकर पाहून रोजच्या गाडीला तोच घेणं मला पटत नाही. पोलादाला ताणाची एक मर्यादा असते. तिच्या खाली राहिलं तर कितीही वेळा वाकवा, सहसा थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी पायरी नाही, तो हळूहळू का होईना, थकतच राहतो. रोलर बेअरिंगचा पोलादी रॉकर जड दिसतो खरा, पण वजन स्टडजवळ असेल तर फारसं बाधत नाही. व्हॉल्व्हकडच्या नाकावरचा प्रत्येक ग्रॅम मात्र अंतराच्या वर्गाने भोवतो.

बसवण्याआधीची मापं तर वेगळीच. १.६ मध्ये पुशरॉड स्टडकडे सरकतो, तो हेडमधल्या भोकाला घासत नाही ना? पत्र्याचा रॉकर असेल तर त्याची खाच स्टडवर आदळत नाही ना? पिस्टनवर क्ले ठेवून इंजिन हाताने फिरवतात, मग तिची जाडी मोजतात. इनटेकला साधारण २ मि.मी. आणि एक्झॉस्टला अडीच, एवढी मोकळीक तरी हवी. व्हॉल्व्ह आणि पिस्टन सर्वांत जवळ येतात ते पिस्टन वरच्या टोकाशी असताना, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असताना. त्यामुळे पाऊण मिलिमीटरपैकी तिथे थोडाच भाग खर्च होतो. किती, ते त्या इंजिनातली क्लेच सांगते.