अक्षरांतले मासे

पुण्यात 1874 साली छापलेल्या बेने इस्राएलांच्या हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या पोथीत, बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. भोवतालच्या लोकजीवनाचा हा सहज ठसा. येमेनमध्ये असा ठसा अधिक खोल उमटला. साना येथे 1469 साली लिहिलेल्या तोरा-ग्रंथाच्या एका पृष्ठावर मासे दिसतात. निरखून पाहावे, तो ती स्तोत्रसंहितेतील वचनेच, सूक्ष्म हिब्रू अक्षरांत आकारलेली! माशांची ही मांडणी इस्लामी धातुपात्रांवरील नक्षीची सगोत्र आहे. यास ‘प्रभाव’ म्हणणे मला तोकडे वाटते. कारण देणेघेणे दुतर्फा होते. यहुदी रौप्यकारांनी घडविलेले रवाकामाचे व तारकामाचे अलंकार मुसलमान स्त्रिया लेत असत. 1949–50 मध्ये बहुसंख्य यहुदी इस्राएलला गेले. त्यानंतर ती घडण मुसलमान कारागिरांच्या हाती आली.