अणुगर्भाच्या एकजुटीचा पुरावा

अणुगर्भाला बाहेरून ऊर्जा दिली की ती नेमकी कोणाच्या वाट्याला जाते, एखाद्या प्रोटॉनच्या की साऱ्या समूहाच्या? १९४७ मध्ये बॉल्डविन आणि क्लायबर यांनी बीटाट्रॉन या त्वरकातले गॅमा किरण युरेनियम व थोरियमवर सोडले, तेव्हा एका ठरावीक ऊर्जेच्या आसपास त्यांचे शोषण एकदम वाढलेले दिसले. सारे प्रोटॉन एकीकडे आणि सारे न्यूट्रॉन दुसरीकडे असे आंदोलन होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. शिसे-२०८ मध्ये हे शिखर सुमारे १३.५ एमईव्हीला (मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) येते. पण शिखर दिसले म्हणजे एकजूट सिद्ध झाली असे नव्हे. अणुगर्भ अशा प्रकारे एकूण किती शोषण करू शकेल, याचा हिशेब प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या संख्येवरूनच मांडता येतो, आणि त्यातला जवळजवळ सारा वाटा हे एकटे शिखर उचलते. खरा पुरावा इथे आहे. सामूहिक अवस्था ऊर्जेच्या स्थानावरून नव्हे, तर संक्रमणाच्या, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या, तीव्रतेवरून ओळखावी, हेच या लेखाचे म्हणणे आहे.

या म्हणण्याची एक कठीण कसोटी मुंबईत लागली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्याच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला पेलेट्रॉन त्वरक १९८८ पासून चालू आहे. तिथे व्ही. एम. दातार, डी. आर. चक्रवर्ती, वंदना नानल आदींच्या गटाने बेरिलियम-८ हा अणुगर्भ निवडला. दोन अल्फा कण, म्हणजे हेलियमचे अणुगर्भ, डंबेलसारखे जोडले जाऊन तो बनतो आणि फिरतो, असे मानले जाते. त्याच्या पहिल्या दोन उत्तेजित अवस्था ३.०३ आणि ११.३५ एमईव्हीला आहेत. त्यांचे गुणोत्तर सुमारे ३.७५ येते, आदर्श घूर्णनासाठी ते ३.३३ हवे. जवळ आहे, पण तंतोतंत नाही. म्हणून या गटाने हेलियम वायूवर हेलियमचाच झोत सोडून वरच्या अवस्थेतून खालच्या अवस्थेत उतरताना निघणारा गॅमा किरण पकडायचे ठरवले. हे घडते सुमारे पन्नास लाखांत एकदा; एरवी अणुगर्भ थेट फुटतो. म्हणून गॅमा किरण आणि दोन्ही अल्फा कण एकाच वेळी नोंदले जातील अशी व्यवस्था केली गेली. २००५ मध्ये हे संक्रमण प्रथम थेट दिसले आणि २०१३ मध्ये त्याचे अधिक अचूक मापन प्रसिद्ध झाले. त्याची तीव्रता एकट्या प्रोटॉनच्या उडीसाठी केलेल्या अंदाजाच्या सुमारे वीसपट भरली.

यावर आक्षेप असा, की वरची अवस्था जेमतेम १०⁻²² सेकंदांच्या घरात टिकते. एवढ्यात फिरणे ते कसले? आक्षेप रास्त आहे. पूर्ण फेऱ्या मारणाऱ्या भोवऱ्याचे चित्र इथे चालत नाही. मात्र वीसपट तीव्रता एका कणाच्या बळावर मिळत नाही. विद्युतभार लांबट आकारात पसरलेला असावा लागतो, आणि दावाही तेवढाच आहे. दुसरा आक्षेप सिद्धान्तवाल्यांचा. आठही कणांमधली बले धरून संगणकावर गणित करता येत असेल, तर ‘सामूहिक’ हा शब्द कशाला? पण त्या गणितातूनही, डंबेल गृहीत न धरता, दोन गोळेच वर येतात. वर्णने दोन, वस्तू एक. उलट मोजलेली तीव्रता अशा गणिताचीही परीक्षा घेते.

मग हा सारा खटाटोप कशासाठी? आपल्या उसातला कार्बन ताऱ्यांमध्ये बेरिलियम-८ च्याच वाटेने घडला: क्षणभर टिकणाऱ्या या जोडीला तिसरा अल्फा कण भेटला. मुंबईतले मापन त्या प्रक्रियेचा वेग ठरवत नाही, तसा दावा करू नये. पण तीन अल्फांच्या कार्बनचे गणित ज्या पद्धतींनी मांडायचे, त्या आधी दोन अल्फांवर खऱ्या उतराव्या लागतात. पन्नास लाखांतली एक घटना शोधण्याचा खटाटोप त्यासाठीच योग्य ठरतो.