मेलेल्या सेलवर दिवा लागतो, पण फुकट नाही

रिमोटमधून काढून टाकलेला एक सेल, बिघडलेल्या सीएफएलच्या सर्किटमधली फेराइटची छोटी रिंग, तिच्यावर गुंडाळलेली इनॅमलची तांब्याची तार, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक हजार ओहमचा रेझिस्टर आणि पांढरा एलईडी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत यातलं जे घरात नसेल ते वडापाव-चहाच्या पैशांत मिळतं. जोडणी जमली की रिमोटने नाकारलेल्या त्याच सेलवर एलईडी लख्ख पेटतो. या सर्किटला 'जूल थीफ' म्हणतात. 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या ब्रिटिश मासिकात १९९९ साली अशी जोडणी छापून आली आणि तेव्हापासून जगभरच्या हौशी मंडळींनी ती डोक्यावर घेतली. 'फुकट वीज' या वेडाची सुरुवातही पुष्कळांची इथूनच होते. कारण दिवा खरंच लागतो, त्यात हातचलाखी काही नाही.

मात्र सेल मेलेला होता, म्हणून ऊर्जा हवेतून आली, हे अनुमान चुकतं. सेल एक-सव्वा व्होल्टच्या खाली घसरला की रिमोटला तो पुरत नाही, पण आतली रसायनं संपलेली नसतात. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. ट्रान्झिस्टर सुरू झाला की वेटोळ्यातला प्रवाह वाढत जातो, रिंगमध्ये चुंबकी ऊर्जा साठते आणि ट्रान्झिस्टर बंद होताच ती जास्त व्होल्टेजच्या झटक्याने एलईडीतून बाहेर पडते. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं, म्हणून डोळ्यांना दिवा सलग दिसतो. व्होल्ट वाढले तेवढा प्रवाह कमी झाला, वर थोडी ऊर्जा तार आणि ट्रान्झिस्टर तापवण्यात गेली. शिवाय आजचे एलईडी एका मिलीअँपिअरहून कमी प्रवाहातही दिसण्याइतके उजळतात, त्यामुळे 'पेटला' एवढ्यावरून किती ऊर्जा आली ते काहीच कळत नाही. अंदाजासाठी सांगायचं तर चांगल्या प्रतीच्या नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे दहा हजार जूल असतात. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे छत्तीस लाख जूल, म्हणजे असे ३६० नवे सेल.

"रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी सेल आपोआप चार्ज झालेला असतो", हेही नेहमी ऐकू येतं. भार काढला की आतली रसायनं पुन्हा पसरतात, व्होल्टेज सावरतं, आणि भार लावताच पुन्हा कोसळतं. दुचाकीच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या घेऊन अमेरिकेतल्या जॉन बेडिनी यांच्या धर्तीची चुंबकी चाकं फिरवणारे इथेच फसतात. एका बॅटरीवर चाक फिरवायचं, त्याच्या झटक्यांनी दुसरी चार्ज करायची आणि मीटरवर १२.६ दिसले की खूश व्हायचं. तो बराचसा वरवरचा चार्ज असतो. बल्ब लावून तो किती तास जळतो हे मोजलं की हिशेब उघड होतो, पण नेमकं तेवढंच कुणी करत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला मुख्य आरोपी चारशे रुपयांचा मल्टिमीटर आहे. त्याची एसी पट्टी पन्नास हर्ट्झच्या गुळगुळीत लहरीसाठी बनवलेली असते. तिला हजारो हर्ट्झचे टोकदार झटके दिले तर ती मनाला येईल तो आकडा दाखवते. त्यात रेझोनन्सची भर पडली की मग विचारायलाच नको. वेटोळं आणि कपॅसिटर जुळून आले की आत दिलेल्या एका व्होल्टचे कपॅसिटरवर पन्नास दिसू शकतात, आतला प्रवाहही भरपूर असतो. दोघांचा गुणाकार केला की वही भरून वॅट! पण तिथे व्होल्टेज आणि प्रवाह एकाच वेळी शिखरावर नसतात. ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे ये-जा करत राहते. झोपाळ्याला हलके हलके धक्के देऊन तो उंच नेता येतो, पण त्याला दळायला जुंपलं तर दोन हेलकाव्यांत थांबेल. इथेही भार जोडताच पन्नास व्होल्ट गायब होतात.

टेस्लाचं नाव तर या गप्पांत हटकून येतंच. लाँग आयलंडवरचा त्याचा वॉर्डनक्लिफ मनोरा १९०१ मध्ये उभा राहू लागला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. तो वीज निर्माण करण्यासाठी नव्हता, विनातार पाठवण्यासाठी होता. शेजारच्या इमारतीत बॉयलर आणि जनित्र होतं. हवेतून वीज मिळतच नाही असं मात्र नाही. क्रिस्टल रेडिओ बॅटरीशिवाय वाजतो, कारण त्याची वीज आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र पुरवतं. २००४ मध्ये ब्रिस्टलजवळ रिचर्ड बॉक्स या कलावंताने उच्चदाब वाहिन्यांखाली शेतात १,३०१ ट्यूबलाइट रोवल्या आणि त्या जोडणीशिवाय उजळल्या. ती वीज वाहिनीतलीच. घरी हा प्रयोग करायला कुणी जाऊ नये, हे सांगायला हवं.

"खरे शोध दाबले जातात" या तक्रारीबद्दल थोडक्यात. आत घेतलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा देत असल्याचा दावा केलेलं जोसेफ न्यूमन यांचं यंत्र १९८६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने तपासलं. दर वेळी आत गेलेली ऊर्जा बाहेर आलेल्यापेक्षा जास्तच निघाली. डब्लिनच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये फुकट ऊर्जेचा दावा करणारी जाहिरात देऊन तो तपासण्याचं शास्त्रज्ञांना आव्हान दिलं. कंपनीनेच नेमलेल्या परीक्षकांनी २००९ मध्ये ऊर्जा निर्माण होत असल्याचा पुरावा नसल्याचं एकमताने सांगितलं. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ (अ) निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंट देत नाही. आणि हो, भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) पारा भरलेल्या आऱ्यांचं आपोआप फिरणारं चाक आहे. त्याचं वर्णन अभिमानाने वाचावं, पण तसं चाक अखंड फिरत राहिल्याची नोंद नाही.

ज्यांना खरंच तपासायचं असेल त्यांनी बॅटरी बाजूला ठेवावी. तिच्या जागी एक फॅरडचा सुपरकपॅसिटर १.५ व्होल्टपर्यंत चार्ज करून लावावा आणि एलईडीऐवजी डायोडमागे तसाच दुसरा, पूर्ण रिकामा केलेला. इथे ऊर्जा रासायनिक अभिक्रियांत साठलेली नसते, आपोआप सावरणंही बॅटरीपेक्षा कमी. सर्किट थांबल्यावर दोन्हींचं व्होल्टेज साध्या डीसी पट्टीवर मोजायचं. ऊर्जा म्हणजे व्होल्टेजचा वर्ग गुणिले फॅरड, भागिले दोन. पहिला ०.६ व्होल्टवर आला तर त्याने ०.९४५ जूल दिले. तेवढे सगळे पोचले तर दुसऱ्यावर १.३७ व्होल्ट दिसतील, जास्त दिसले तर शोध लागला म्हणायचा. फक्त या कपॅसिटरवर छापलेला आकडा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणून जाहीर करण्याआधी दोघांची अदलाबदल करून पुन्हा एकदा मोजावं.