टिक, तार आणि बॅटरी

टिक म्हणजे अचानक, झटकन आणि पुनःपुन्हा होणारी हालचाल किंवा तोंडातून निघणारा आवाज. डोळे मिचकावणे, मान उडवणे, खांदा झटकणे, घसा खाकरणे ही तिची नेहमीची रूपे. टिक येण्याआधी त्या जागी खाज किंवा ताण साठल्यासारखा वाटतो आणि ती होऊन गेली की क्षणभर सुटका होते. शिंकेसारखी ती थोडा वेळ दाबता येते, पण फार काळ नाही. हालचालींच्या अनेक टिक आणि आवाजाची किमान एक टिक वर्षाहून अधिक काळ टिकली आणि सुरुवात 18 वर्षांच्या आत झाली, तर त्या विकाराला टुरेट सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी 1885 मध्ये 9 रुग्णांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले.

विकार बहुधा 5 ते 7 वर्षांच्या वयात दिसू लागतो, 10 ते 12 या वयात जोर धरतो आणि तारुण्यात बहुतेकांचा ओसरतो. अनेकांना समजूतदार शिक्षक आणि घरच्यांचा धीर एवढेच पुरते. काहींना वर्तनोपचार किंवा औषधे लागतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र यातले काहीच लागू पडत नाही. मान इतक्या जोराने मागे फेकली जाते की मणक्यातील मज्जारज्जूला इजा होऊ शकते. स्वतःच्याच ठोशांनी डोळा जाऊ शकतो. मेंदूत खोलवर तार सोडून वीज देण्याची शस्त्रक्रिया, डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणजेच डीबीएस, अशा रुग्णांसाठी आहे.

मेंदूची साल, खोलवरचा बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस यांच्यात हालचालींचे संदेश सतत फिरत असतात. नको ती हालचाल रोखण्याचे काम या फेऱ्यात होते आणि टुरेटमध्ये ते ढिले पडते, असे मानले जाते. 1970 मध्ये हासलर आणि डीकमान यांनी थॅलॅमसमधील ठरावीक बिंदू नष्ट करून टिक कमी केल्याचे नोंदवले, पण नष्ट केलेला भाग परत येत नाही. 1987 मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबीद यांनी कंपाच्या रुग्णांत तो भाग न जाळता तिथे सतत वीज देण्याची पद्धत रूढ केली. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी तीच वाट टुरेटसाठी धरली आणि 1999 मध्ये पहिल्या रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

शस्त्रक्रियेआधीची निवड कडक असते. येल मापनपत्रिकेवर टिकच्या तीव्रतेला 50 पैकी गुण देतात. साधारण 35 आणि त्यावरचा रुग्ण विचारात घेतला जातो. निरनिराळ्या गटांतील औषधे आणि वर्तनोपचार करून झालेले असावे लागतात. मंत्रचळ आणि नैराश्य टुरेटच्या जोडीने पुष्कळदा येतात, म्हणून निर्णयात न्यूरोलॉजिस्ट आणि सर्जन यांच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञही असतो.

शस्त्रक्रियेच्या सकाळी धातूची चौकट 4 पिनांनी कवटीला घट्ट बसवतात. चौकटीसह सीटी स्कॅन होतो आणि आधी काढलेल्या एमआरआयशी तो संगणकावर जुळवला जातो. त्यातून लक्ष्याचे तीन आकडे मिळतात: डावे-उजवे, पुढे-मागे, वर-खाली. रक्तवाहिन्या चुकवत तारेचा मार्ग आखला जातो. पार्किन्सनसाठी हीच शस्त्रक्रिया करताना रुग्ण या वेळी अनेकदा जागा असतो. टुरेटमध्ये मात्र डोके जखडलेले असताना मानेला आलेला एक हिसकाही महागात पडू शकतो, म्हणून गुंगी किंवा पूर्ण भूल द्यावी लागते. कवटीला दोन्ही बाजूंनी छिद्र पाडून सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार थॅलॅमसमध्ये किंवा बेसल गँग्लियातील ग्लोबस पॅलिडसमध्ये सोडतात. नेहमीच्या तारेच्या टोकाशी दीड-दीड मिलिमीटरचे 4 धातूचे पट्टे असतात. वीज तिथूनच मेंदूत उतरते. कानामागून कातडीखाली नेलेली तार छातीतल्या पेसमेकरसारख्या यंत्राला जोडली की सर्जनचे काम संपते.

खरा उपचार यानंतर सुरू होतो. काही आठवड्यांनी डॉक्टर कातडीबाहेरूनच यंत्राशी संपर्क साधतात. एकेक पट्टा निवडायचा, वीज थोडी वाढवायची आणि रुग्णाला विचारायचे: हाताला मुंग्या येतात का? जीभ जड होते का? डोळ्यांपुढे चमकते का? होकार आला की वीज जवळच्या मार्गात सांडते आहे हे कळते आणि आकडा खाली आणला जातो. वेग बहुधा सेकंदाला 130 स्पंदांच्या आसपास असतो. कंप काही सेकंदांत शांत होतो. टिक कमी व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. डॉक्टरसमोर रुग्ण टिक दाबून धरतो, म्हणून त्याला खोलीत एकटे बसवून चित्रफीत घेतात आणि त्यावरून टिक मोजतात.

परिणामांचे आकडे सरसकट एका बाजूचे नाहीत. लंडनच्या 2015 च्या चाचणीत, यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णाला माहीत नसताना सुधारणा सुमारे 15 टक्के होती. पुढे यंत्र उघडपणे चालू ठेवल्यावर ती 40 टक्क्यांवर गेली. पॅरिसच्या 2017 च्या चाचणीत 3 महिन्यांनी खरे आणि खोटे उत्तेजन यांत फरक दिसला नाही. 10 देशांतील 185 रुग्णांच्या नोंदवहीत वर्षभरानंतरची सरासरी सुधारणा सुमारे 45 टक्के आढळली.

मेंदूत रक्तस्राव हा सर्वांत गंभीर धोका. तो क्वचित होतो. जखमेला सतत हात लावण्याची टिक असलेल्यांना जंतुसंसर्गाची भीती अधिक, आणि मान उडवण्याने तार तुटूही शकते. छातीतल्या यंत्राची साधी बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते आणि टिकसाठी वीज जास्त लागत असल्याने ती लवकर उतरते. ती उतरली की टिक परतू लागतात. म्हणून शस्त्रक्रियेला होकार देणाऱ्या कुटुंबाने केवळ त्या एका दिवसाचा नव्हे, तर पुढच्या सगळ्या तपासण्यांचा आणि बॅटऱ्यांचा हिशेब आधीच मांडलेला बरा.