इनसाइड पॅसेज: छोट्या नौकेचा पावसाळी मार्ग

इनसाइड पॅसेज हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा सुमारे 1,600 किलोमीटरचा जलमार्ग. अमेरिकेतील प्युजेट साउंडपासून निघून तो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून अलास्कातील स्कॅग्वेपर्यंत जातो. पश्चिमेला बेटांची रांग असल्याने पॅसिफिकच्या लाटा बाहेरच अडतात आणि लहान नौकाही आतून जाऊ शकतात. एम. वायली ब्लँशे या विधवेने 1920 आणि 1930 च्या दशकांत आपल्या पाच मुलांना घेऊन 25 फुटी ‘कॅप्रिस’मधून या मार्गाचा कॅनडातील भाग पालथा घातला. क्वीन शार्लट साउंड आणि डिक्सन एन्ट्रन्स हे दोन टप्पे मात्र उघड्या समुद्राचे. तिथे वारा पाहूनच निघावे लागते.

समुद्रावरचे दमट वारे किनाऱ्याच्या डोंगरांना अडून वर चढतात आणि पाऊस पडतो. अलास्कातील केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. कोकणासारखा तो चार महिन्यांत कोसळून थांबत नाही; वर्षभर रिपरिपत राहतो. म्हणून नौकेत डिझेलची शेगडी, उघडझाप करता येणारी हवेची झडप आणि ओले कपडे टांगायला जागा लागते.

पावसापेक्षा जपावे लागते ते भरती-ओहोटीला. उत्तरेकडे उधाणाच्या दिवसांत पाणी सहा-सात मीटरपर्यंत चढते-उतरते. एवढे पाणी चिंचोळ्या वाटांतून शिरताना प्रचंड वेग घेते. सीमोर नॅरोजमध्ये प्रवाह 15 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या घरात जातो. शिडाच्या छोट्या नौकेचे इंजिन जेमतेम पाच-सहा नॉट देते. त्यामुळे प्रवाहाची दिशा पालटताना पाणी काही मिनिटे संथ होते, तेवढ्यातच ही वाट ओलांडतात. इथे पाण्याखाली दडलेल्या रिपल रॉकने अनेक जहाजे बुडवली होती. अखेर समुद्रतळाखालून बोगदा खणून त्यात स्फोटके भरली गेली आणि 5 एप्रिल 1958 रोजी खडकाचे माथे उडवण्यात आले.

लाकूडतोडीतून सुटलेले ओंडके हा दुसरा धोका. काही ओंडके उभे तरंगतात आणि त्यांचे टोक जेमतेम पाण्याच्या पातळीवर असते. म्हणून इथे रात्री सहसा कोणी नौका हाकत नाही.

नांगर टाकणे हेही कसबाचे काम. हिमनद्यांनी कोरलेल्या खाड्यांत काठालगतच पाणी खोल असते. सर्वसाधारणपणे खोलीच्या किमान तीन ते पाचपट साखळी सोडतात, आणि ती खोली भरतीच्या वेळची धरतात. जागा अरुंद असेल तर नौका गोल फिरू नये म्हणून मागून दोर नेऊन काठावरच्या झाडाला बांधतात.

प्रवासाचा हंगाम मे ते सप्टेंबर. जून-जुलैत दिवस लांब, ऑगस्टमध्ये धुके अधिक. सीमा ओलांडली की कस्टमकडे नोंद सक्तीची. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जून ते ऑगस्टदरम्यान खासगी नौकांची संख्या मर्यादित असल्याने परवाना आधीच काढावा लागतो.